डाव्या गालावरच्या रेघा

१

"तुम्ही फक्त एवढं लिहून द्या डॉक्टर, की हे मारल्याचे वळ आहेत." शाळेत शिकवणाऱ्या त्या बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि डॉक्टरीणबाईंच्या दिशेने सरकवला.

फोटोत ऐंशी ओलांडलेल्या एका आजींचा चेहरा होता. डावा गाल लालबुंद झालेला, आणि कानापासून जबड्यापर्यंत, पुढे मानेवरही, तिरप्या लाल रेघा उमटलेल्या. दोन्ही पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे नावालाच उरले होते. पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी सणसणीत थोबाडीत ठेवून दिली आहे आणि म्हातारी रात्रभर रडली आहे.

डॉक्टरीणबाई कातडीच्या डॉक्टर होत्या. चष्म्याच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता आणि पेशंट त्यांना माघारी 'खाजबाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांना एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे पेशंटने निदान घरूनच करून आणणं. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा काढून पाहिला, पुन्हा लावून पाहिला. समोरची बाई अस्वस्थ झाली, पण त्यांनी घाई केली नाही.

आजी या शिक्षिकेची आई. ती याच गावात राहते आणि दिवसरात्र सोबतीला एक मावशी असतात. मुलीची नोकरी परगावी. दर दुसऱ्या रविवारी ती पहिल्या बसने येते आणि संध्याकाळच्या बसने परतते. एरवी दर मंगळवारी न चुकता फोनवरून आईचं तोंड बघते, आणि हल्ली तीनदा मंगळवारी आईचं तोंड असं दिसलं. आईला विचारलं तर म्हणते, काही नाही गं, खाजतंय. घरात दोघीच असतात. मावशी उजव्या हाताने काम करतात, समोरून मारलं तर फटका डाव्या गालावरच बसणार. शिक्षिकेने हे सगळं वर्गात गणित सोडवून दाखवावं तसं मांडलं.

"आई घाबरून बोलत नाही," ती म्हणाली. "जिच्या हातचं जेवायचं तिच्याविरुद्ध कोण बोलेल?"

बोलताना तिने बोट नाचवलं तेव्हा डॉक्टरीणबाईंना तिच्या अंगठ्याच्या नखावर काळपट डाग दिसला. फळ्यावर लिहायच्या मार्करचा असावा, असं त्यांच्या मनात आलं. बाकी बाई टापटीप होती, पन्नाशी उलटून गेलेली, काळेभोर केस खांद्यापर्यंत नीट कापलेले, आणि डोळ्यांत झोप नसलेली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फोटोवरून मी कोणाला मारकुटी ठरवत नाही. मला आजींना पाहू द्या.

"पाहा ना. पण येत्या रविवारी मी नवीन बाई घेऊनच येणार आहे. आणि हिची तक्रार एजन्सीत करणार आहे. पुन्हा कुठल्या म्हाताऱ्या माणसाजवळ हिला कोणी उभं करता कामा नये."

ती सोमवारची दुपार होती; शिक्षिका रजा टाकून फक्त दवाखान्यापुरती आली होती, आईकडे न जाताच परतणार होती. एका बाईच्या पोटावर पाय यायचा की नाही, हे आठवड्याभरात ठरणार होतं.

२

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आजींच्या घरी पोचल्या. दार मावशींनी उघडलं. डोक्याला घट्ट सुती रुमाल बांधलेला, कपाळाशी करडे केस डोकावत होते, हात ओले होते. डॉक्टर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण त्या बाजूला झाल्या.

आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पांढरेशुभ्र केस, फिकट निळा गाऊन आणि डाव्या कानात ऐकायचं मशीन.

"डावीकडे बस गं, डावीकडे," त्यांनी हुकूम सोडला. "उजवा कान मी टेलिफोन ऑफिसातच ठेवून आले. तीस वर्षं लोकांचे नंबर जोडून दिले, त्याची ही बक्षिसी."

डॉक्टरीणबाईंना आजी एकदम आवडल्या. घाबरून गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवायला सांगितला. सूज ओसरली होती. गाल कोरडा पडला होता, बारीक कोंडा सुटत होता, कानाच्या कडेला खाजवल्याचे ओरखडे होते. कानाचं भोक मात्र आतून स्वच्छ होतं. मानेवरच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या; डॉक्टरीणबाईंनी आपलं बोट त्यांच्याजवळ धरून पाहिलं. रेघा बोटाच्या मानाने फारच बारीक होत्या.

"मावशी तुम्हाला मारते का?" त्यांनी थेट विचारलं.

आजी हसल्या. "मारत नाही. भाजीत मीठ कमी घालते. त्यासाठी शिक्षा असेल तर सांग."

भिंतीवर मुलीच्या लग्नातला फोटो होता. त्यात आजी ताठ उभ्या होत्या आणि त्यांचे केस नवरीपेक्षा काळे दिसत होते. डॉक्टरीणबाईंची नजर तिकडे गेलेली पाहून आजी म्हणाल्या, "ते सोंग होतं. त्या मांडवात माझ्या डोक्याला अशी खाज सुटली की विहीणबाई लांब सरकून बसल्या. उवा आहेत असं वाटलं बाईला. त्यानंतर मी सोंग सोडलं."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि जिन्यात येऊन त्यांनी शिक्षिकेला फोन लावला. मार बसलेली कातडी निळी पडते, मग हिरवी-पिवळी होते, त्यांनी समजावलं. ती खाजत नाही, तिचा कोंडा पडत नाही. आणि एका गालावर मारल्याने दोन्ही पापण्या सुजत नाहीत. ही अ‍ॅलर्जी आहे. कातडीला न सोसणारी एखादी वस्तू तिथे लागते आहे.



"म्हणजे मारलं नाही," शिक्षिका सावकाश म्हणाली. "पण आईला हात लावणारी ती एकटीच आहे. म्हणजे तिनेच काहीतरी लावलं."

३

डॉक्टरीणबाईंनी चिडूनच फोन ठेवला. त्या परत आत गेल्या आणि त्यांनी स्वयंपाकघरात मावशींना गाठलं.

मावशींनी न मागता सगळं ओट्यावर आणून मांडलं: आजींच्या अंगाला लावायचं तेल, साबण, चेहऱ्याचं मलम, भांडी घासायचे रबरी हातमोजे, कपड्यांची पावडर. झडतीची त्यांनी आधीपासून तयारी करून ठेवली असावी असं वाटत होतं, आणि ते पाहून डॉक्टरीणबाईंना वाईट वाटलं.

"ताईंनी मला तोंडावर विचारलं असतं तर बरं झालं असतं," मावशी म्हणाल्या. "त्या फोनवरून आजींना विचारतात, मावशी नीट वागते ना म्हणून. मी तिथे बाजूलाच असते. फोन मीच धरलेला असतो."

डॉक्टरीणबाईंनी विषय वस्तूंकडे नेला. तेल आणि साबण दोन वर्षांपासूनचे होते. हातमोजे घालून मावशी आजींना हात लावत नसत. मग त्यांनी मशीनबद्दल विचारलं, कारण बिघाड नेमका त्याच बाजूला होता आणि कातडीला प्लॅस्टिकही खटकू शकतं. मावशी म्हणाल्या, मशीन दिवसभर कानात असतं. झोपताना काढतो, आणि ताई आल्या की काढावं लागतं, ते फार शिट्टी वाजवतं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष कानाच्या भोकाकडे लागलं होतं: मशीन दोषी असतं तर आधी आतून लाल झालं असतं.

मावशींना एकदा बोलतं केलं की थांबवणं कठीण होतं. आजींचे फिकट गाऊन खांद्यापाशी मळकट होतात, कितीही घासलं तरी डाग हटत नाही, साबण बदला म्हटलं तर आजी ऐकत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईची काहीतरी तक्रार असतेच, असं त्यांना वाटलं.

आणखी एक संशयित वरच्या मजल्यावर निघाला. तिथले काका गच्चीत कुंड्या लावत आणि आठवड्याला शेवंतीची जुडी आजींना आणून देत. शेवंतीने कित्येक माळ्यांच्या हातांवर पुरळ उठतं, हे डॉक्टरीणबाईंना पाठ होतं. काका तुळतुळीत टकलाचे, लाजरे गृहस्थ होते. फुलं देताना आपण दारातूनच परत फिरतो, असं त्यांनी तीनदा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडून दोन फुलं आणि तीन पानं ताब्यात घेतली, आणि काकांना उगाचच गुन्हेगार असल्यासारखं वाटलं.

मग आजींना पालथं झोपवून त्यांच्या पाठीवर परीक्षा मांडली. छोट्या छोट्या चकत्यांत एकेक पदार्थ घालायचा आणि चिकटपट्टीने पाठीवर लावून ठेवायचा. घरातून मिळालेलं तेल, साबण, मलम, शेवंतीचं पान, हातमोज्याचा तुकडा, मशीनच्या प्लॅस्टिकचा कीस हे सगळं तर होतंच. शिवाय डॉक्टरीणबाईंच्या पेटीत नेहमीचे गुन्हेगार तयारच असत. खोट्या दागिन्यांतला धातू, अत्तरातले वास, रबरातली रसायनं, केसांच्या काळ्या रंगातलं रसायन, सिमेंटमधलं, चामड्यातलं.

"कातडीची स्मरणशक्ती दांडगी असते," त्या आजींना म्हणाल्या. "एकदा एखाद्या वस्तूशी वैर धरलं की ती जन्मभर विसरत नाही. पण भांडायला लगेच उठत नाही. आज डिवचलं तर दीड-दोन दिवसांनी उठते. म्हणून पट्ट्या दोन दिवस ठेवायच्या, आणि तोवर पाठीला पाणी लावायचं नाही."

"म्हणजे आंघोळ नाही?" आजींनी विचारलं. "बरं झालं. मावशीला सुट्टी."

४

गुरुवारी पट्ट्या काढल्या. तेल निर्दोष सुटलं. मलम, साबण, हातमोजे, शेवंती, मशीन, सगळे सुटले. एकच चौकोन लालसर होऊन किंचित वर आला होता. डॉक्टरीणबाईंनी पेनने त्याच्याभोवती गोल काढला आणि आशा धरली नाही, कारण पट्टीच्या नुसत्या चोळण्यानेही कातडी लाल होते आणि मग ओसरते.

शनिवारी त्या पुन्हा आल्या. तो चौकोन ओसरला नव्हता. उलट लालभडक होऊन सुजला होता आणि त्यावर बारीक फोड आले होते. आजी म्हणाल्या, नेमकी तीच जागा खाजते आहे आणि नेमका तिथेच हात पोचत नाही.

तो चौकोन केसांच्या काळ्या रंगातल्या रसायनाचा होता.

लग्नातल्या फोटोचं कोडं तर सुटलं: आजी तेव्हा केस रंगवत होत्या आणि त्या मांडवातल्या खाजेपासून कातडीने वैर धरलं होतं. पण त्यांनी रंग सोडला त्याला जमाना झाला. आणि आता या घरात केस रंगवतंय कोण? आजी पांढऱ्याशुभ्र. मावशींच्या रुमालाखाली करडे केस. वरच्या काकांचा तर प्रश्नच मिटलेला. संशयित हातात सापडला होता आणि त्याला घरात पाऊल ठेवायला दार नव्हतं.

जाण्यापूर्वी त्यांनी आजींच्या मानेवरच्या रेघा शेवटच्या एकदा बघाव्यात म्हणून डोकं खाली केलं. त्यांचे केस आजींच्या कानाला लागले आणि मशीनने कर्कश शिट्टी मारली. डॉक्टरीणबाई दचकून मागे झाल्या.

"जवळ कोणी आलं की ओरडतं मेलं," आजी म्हणाल्या. "म्हणून लेक आली की आधी काढून ठेवते. इथे डोकं टेकून बसते ती, लहानपणी बसायची तशी. बोलत काही नाही. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहते."

"आणि ती गेली की?"

आजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "गेली की मग मी रडते थोडं. मावशीला सांगू नकोस, तिला वाटतं मी भक्कम आहे."

डॉक्टरीणबाईंनी हळूच आजींचा उजवा तळहात उलटा करून पाहिला. तो ठणठणीत होता. मग त्यांनी मावशींना हाक मारली आणि डाग पडलेला गाऊन दाखवायला सांगितला. डाग डाव्या खांद्यावर होता.

उद्या सकाळी मुलगी बसमधून उतरणार होती. तिच्यासोबत नवीन बाई असणार होती, आणि खरा गुन्हेगारही.

५

रविवारी सकाळी डॉक्टरीणबाई दारापाशी स्टुलावर जाऊन बसल्या. नवीन बाई येणार हे कळल्यावर मावशींनी आपली पिशवी भरून कोपऱ्यात ठेवली होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. बेल वाजली. शिक्षिका आत आली, मागे नवीन बाई जिन्यातच थांबली. आईला पाहून शिक्षिका नेहमीसारखी झपझप पुढे निघाली.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईला हात लावायच्या आधी मला एक सांगा. केस आज किती वाजता रंगवलेत?"

शिक्षिका जागच्या जागी थांबली. हात आपोआप केसांकडे गेला. नखावर ताजा काळा डाग होता.

डॉक्टरीणबाईंनी कोणालाही न दुखवता सांगायचा प्रयत्न केला, आणि आजींना ऐकू जावं म्हणून डावीकडे उभं राहून सांगितलं. घाईत रंगवलेले आणि नीट न धुतलेले केस आईच्या गालाला, कानाला, मानेला टेकतात. त्या रेघा बोटांच्या नाहीत, केसांच्या बटांच्या आहेत. मशीन काढलं तरी केस कानाच्या आत जात नाहीत, म्हणून भोक स्वच्छ राहिलं. आजी उजव्या हाताने ते केस कुरवाळतात. तळहाताची कातडी जाड, तिला काही होत नाही. पण मुलगी गेल्यावर त्याच हाताने डोळे पुसतात, आणि पापणीइतकी पातळ कातडी अंगावर कुठेच नसते. कातडी दोन दिवसांनी उठते. रविवारी मुलगी येऊन जाते, मंगळवारी गाल सुजतो, आणि तेव्हा घरात एकट्या मावशीच असतात.

शिक्षिका खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. रागाने आलेली बाई बघता बघता लहान दिसू लागली.

"बाबा गेले त्या वर्षी हिला माझा एक पांढरा केस दिसला," ती म्हणाली. "तर ही दोन दिवस जेवली नाही. माझ्यापायी पोर म्हातारी झाली म्हणाली. तेव्हापासून मी हिला एकही दिसू दिला नाही. आधी पार्लरमध्ये जायचे, दोन-तीन दिवस आधीच. पार्लरवाली गाव सोडून गेली, तेव्हापासून पहाटे स्वतःच करते. बस चुकेल म्हणून कसेबसे धुते." तिने आईच्या गालाकडे पाहिलं. "आणि मीच हिला..."

"अगं वेडे," आजी म्हणाल्या, "तुला जन्म मी दिला. तू किती वर्षांची आहेस हे मला केसांवरून कळणार होतं का?"

जिन्यातल्या नवीन बाईने आत डोकावून पाहिलं आणि आपलं इथे काम नाही हे ओळखून ती खाली गेली. शिक्षिकेने डोळे पुसले आणि सवयीने आईकडे एक पाऊल टाकलं. मग आठवलं, आणि ती तिथेच थबकली. दोन आठवडे वाट पाहून आलेली लेक आईपासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिला पुढे जाता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंना आपल्याच निदानाचा राग आला.

शिक्षिका वळली ती मावशींकडे. मावशी स्वयंपाकघराच्या दारात पिशवीशेजारी उभ्या होत्या.

"मावशी, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल मी नको नको ते बोलले. तुम्हाला एकदा विचारलंही नाही."

मावशींनी तिच्याकडे थेट पाहिलं. त्यांना राग आला होता, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "डोकं इकडे करा."

त्यांनी आपल्या डोक्याचा रुमाल सोडला, नीट झटकला, क्षणभर विचार केला आणि तो खुंटीला अडकवला. मग कपाटातून धुतलेला, घडी मोडलेली नाही असा दुसरा रुमाल काढला. शिक्षिकेचे सगळे केस मागे घेऊन त्यांनी तो कपाळापासून मानेपर्यंत घट्ट गुंडाळला, एक बटही बाहेर राहू दिली नाही, आणि मागे गाठ मारली.

"हात साबणाने धुवा. मग जा," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतले आपले कपडे काढून पुन्हा मांडणीवर ठेवू लागल्या.

शिक्षिका हात धुऊन आली, आईच्या डावीकडे बसली आणि तिने डोकं तिच्या खांद्याला टेकलं. मशीनने मोठ्याने शिट्टी मारली. ती सवयीने ते काढायला गेली, तर आजींनी तिचा हात धरला.

"वाजू दे," त्या म्हणाल्या.